इंजेक्शन चुकलं म्हणून नव्हे

वडिलांचं प्रोस्टेट कर्करोगावरचं दर तीन महिन्यांचं इंजेक्शन वेळेवर चालू असून पीएसए (या कर्करोगावर लक्ष ठेवणारी रक्तचाचणी) वाढला, 'आमच्याकडून काही चुकलं का?' असं तुम्ही विचारलंत. नाही हो, हा अपराधीपणा आधी मनातून काढा.

१९४१ मध्ये डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की पुरुष-संप्रेरकाचा (मुख्यतः टेस्टोस्टेरॉनचा) पुरवठा तोडला की हा कर्करोग आक्रसतो. इंजेक्शन तेच करतं. पण आपल्या नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला विचारा: गंगापूर धरणाचं आवर्तन बंद झालं, तर तो बाग सोडून देतो का? विहीर खोदतो, बोअर घेतो, थेंबथेंब पुरवतो. कर्करोगाच्या पेशीही तसंच करतात. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून येणाऱ्या कच्च्या मालापासून गाठीतच टेस्टोस्टेरॉन बनवतात. संप्रेरक पकडणारे रिसेप्टर वाढवतात, म्हणजे थोडक्यावर भागतं. कधी रिसेप्टरच बदलतो. त्याचा एआर-व्ही७ हा प्रकार तर संप्रेरक चिकटायची जागाच गमावलेला आणि तरीही सतत चालू असतो.

म्हणून पुढची औषधं वेगळी असतात. अबिराटेरॉन ही 'विहीर', म्हणजे संप्रेरक बनवणंच, बंद करतं (सोबतचं प्रेडनिसोलोन मनाने थांबवू नका), एन्झालुटामाइड रिसेप्टर अडवतं. मूळ इंजेक्शन बहुधा चालूच ठेवतात. माझ्या काकांच्या वेळी आम्हाला हे कुणी समजावलं नव्हतं, आम्ही ते बंदच करायला निघालो होतो.

डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: रक्तातलं टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आहे का (म्हणजे इंजेक्शन आपलं काम करतंय का), आणि बीआरसीए या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकाची तपासणी करायची का. त्यात दोष निघाला तर ओलापारिबसारख्या औषधाचा पर्याय खुला होतो.