घरात शांतता मिळत नाही, आणि मिळाली तर सहन होत नाही... काय करावं?

घोडबंदरची_सून
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ राहते. खाली रस्ता, मेट्रोच्या कामाचा आवाज कित्येक वर्षं ऐकतेय, वर कोणाचं तरी फर्निचरचं काम चालूच. नोकरी ऐरोलीला, ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये चढले की कानात इअरफोन. मला कायम वाटायचं की हा गोंगाट थांबला की मी शांत होईन. पण मागच्या रविवारी दुपारी लाईट गेली, हे आणि लेक सासूबाईंकडे डोंबिवलीला, पंखा फ्रीज सगळं गप्प, ठोकाठोकीही बंद, आणि मला दहा मिनिटं बसवेना! फोन उचलला, बॅटरी ४ टक्के, ठेवला, परत उचलला, शेवटी घासलेली भांडी परत घासत बसले. माझी आई (माहेर पेण) दुपारी पडवीत तांदूळ निवडत तासभर एक शब्द न बोलता बसायची. मला का जमत नाही? प्लीज नुसतं "योगा करा" लिहू नका, तुम्ही स्वतः काय केलंत ते सांगा.

पारसिक_७२
ताई, आधी खिडक्या बघा. स्लायडिंगच्या फटीतून भरपूर आवाज आत येतो, आम्ही बेडरूमची एकच खिडकी बदलून रबरपट्टीवाली घट्ट बसणारी घेतली, झोपेत फरक पडला. आणि २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. रात्री काम चालू असेल तर तक्रार करायचा हक्क आहे तुमचा, गप्प बसू नका.

मौन१०
मी इगतपुरीला विपश्यनेचा १० दिवसांचा कोर्स केलाय, फी नसते, शेवटी ज्याला जमेल तसं दान. फोन पहिल्याच दिवशी जमा, बोलणं बंद, नजरानजरसुद्धा नाही, पहाटे ४ ला घंटा. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. तुमचं वाचून मला माझा दुसरा दिवस आठवला, बाहेर पूर्ण शांत आणि डोक्यात दहा वर्षांपूर्वीची भांडणं, बॅग उचलून पळून जावं वाटत होतं. तुम्ही बिघडलेल्या वगैरे नाही आहात, बाहेरचा आवाज थांबला की आतला ऐकू यायला लागतो आणि त्याची सवय नसते एवढंच. पण लगेच कोर्सला जा असं म्हणणार नाही, घर सोडून १० दिवस निघणं सगळ्यांना जमत नाही हे मला माहितीये.

खाडीकाठ
मी वाशीला राहतो, रिटायर्ड. पाच वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा घर इतकं शांत झालं की टीव्ही दिवसभर लावून ठेवायचो, त्यामुळे तुमचं ते "सहन होत नाही" मला पुरेपूर कळतं. मग सागर विहारला ठाणे खाडीवर जायला लागलो. तिथे घड्याळ चालत नाही, भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आपल्याकडचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या आसपास ओहोटी (खाडीत आत थोडा उशीर होतो). ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि सिझनला, नोव्हेंबर ते मे, फ्लेमिंगो येतात, डोकं उलटं करून चोचीने चिखल गाळत पुढे पुढे सरकतात. ही खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेली, आणि आपण रोज पुलावरून मोबाईलमध्ये बघत जातो हो! मला तिथे शांतता अशी मिळत नाही, मागे गाड्या असतातच. पण पाणी उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, त्याला फास्ट फॉरवर्ड नाही, आणि तासाभराने माझा श्वासही त्याच चालीवर येतो. पंचांग बघून या एकदा, मी असतोच.

नौपाडा_गच्ची
सगळ्यांचं पटलं पण एक गोष्ट राहून गेली. ताई, तुमच्या आईच्या हातात तांदूळ होते! त्या काही न करता बसल्या नव्हत्या, बोटं खडे शोधत होती म्हणून मन जागेवर होतं. तुम्ही एकदम रिकामं बसायला गेलात, ते फार अवघड आहे. आणि आपल्याला तेवढा वेळ सलग मिळतो का हाही प्रश्न आहे, मी दहा मिनिटं गच्चीत गेले की तीन हाका येतात, "आई टॉवेल कुठेय". घरच्यांना स्पष्ट सांगा की या वेळेत हाक मारायची नाही, मला ते सांगायलाच चाळीशी उलटावी लागली.

घोडबंदरची_सून
तांदळाचं वाचून डोळे भरून आले, मी तिच्याकडे इतकी वर्षं बघितलं पण हाताकडे लक्षच गेलं नव्हतं. आता तांदूळ निवडलेलाच येतो म्हणून काल मेथीची जुडी घेऊन बसले, फोन आतल्या खोलीत, ह्यांना सांगून ठेवलं. वीसेक मिनिटं. दोनदा उठावंसं वाटलं, खाली ट्रक रिव्हर्स घेत होता तो ऐकत राहिले. खाडीकाठ काका, शनिवारी पंचमी आहे, म्हणजे पावणेचारला भरती आणि ओहोटी दहाच्या सुमारास, बरोबर ना? लेकाला घेऊन येते.