मदत हवी आहे: इंग्रजी 'एफर्व्हेसन्ट' (आनंदाने उसळणाऱ्या) स्वभावाला मराठीत काय म्हणावं?

अनुवादात एक वाक्य अडलंय. मूळ अर्थ: 'तिचा एफर्व्हेसन्ट स्वभाव पाहून खोली जागी झाली.' 'एफर्व्हेसन्ट' हा शब्द लॅटिन 'फर्वेरे', म्हणजे उकळणे, यावरून आला. 'फर्व्हर' (आवेश) त्याचाच भाऊबंद. अर्थाने जवळचा 'एबुलियन्ट' (आनंदाने ओसंडणारा) लॅटिन 'बुल्ला' म्हणजे बुडबुडा यावरून, आणि 'बॉइल'ही त्याच घरातला. म्हणजे आतून वर येणारी उकळी हवी, नुसता आनंद नको.

'उत्साही' पुरत नाही. उत् + सह्, त्यात नेट आणि तग आहे, बुडबुडे नाहीत. 'उल्लसित' (उत् + लस्, चमकणे) जवळ जातो, पण फार पुस्तकी. 'फसफसणारा' चित्र अचूक देतो: पाण्यात इनो टाकलं की ग्लासच्या काठापर्यंत चढतं तसं. पण आंबून गेलेलं पीठही फसफसतं, त्यामुळे माणसाला लावला की वास येतो! 'खळाळता' छान वाहतो; मात्र त्याच्या शेजारची 'खळखळ' म्हणजे कुरकुर, आढेवेढे ('खळखळ न करता पैसे दिले'), आणि नाम करायला गेलं की तीच आडवी येते. 'सळसळता' पिंपळाच्या पानांचा आणि तरुण रक्ताचा. त्यात वेग आहे, हसू नाही.

सध्या 'खळाळता स्वभाव' ठेवलाय. दोन प्रश्न:

याहून नेमकं, बोलीतलं विशेषण आहे का? वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, कुठलंही चालेल. वापराचं एक पूर्ण वाक्य मात्र द्या.

आणि भाववाचक नाम काय करावं? 'खळाळतेपणा' जिभेवर अडतो.