नोमेनक्लातुरा : सरंजामदार की वतनदार?

प्रश्न : 'नोमेनक्लातुरा'ला, म्हणजे सोव्हिएत काळातल्या पदाधिकारी वर्गाला, मराठीत काय म्हणावं? 'नोकरशाही' चालेल?

– नाही. मूळ लॅटिन अर्थ नामावली. सोव्हिएत पक्षसमित्यांकडे दोन याद्या असत : आपल्या संमतीशिवाय भरायची नाहीत अशी पदं, आणि त्या पदांना लायक माणसं. कारखान्याचा संचालक, वृत्तपत्राचा संपादक यादीत येई. खिडकीमागचा कारकून येत नसे. 'नोकरशाही' म्हटलं की तो कारकून आत येतो आणि संपादक बाहेर राहतो.

– मग 'वतनदार'?

– १९९१ पूर्वीसाठी चूक. दाचा (गावाबाहेरचं सुटीचं घर), गाडी, खास दुकान हे सगळं पदाबरोबर येई नि पदाबरोबर जाई. 'सरंजाम' जवळचा : चाकरी आहे तोवर उत्पन्न, मालकी नाही. पेशवाईत सरंजामही पुढे वंशपरंपरेने चालू लागले, त्याला पिढ्या लागल्या. रशियात सात-आठ वर्षं पुरली. १९८८ च्या सहकार कायद्यानंतर संचालक मर्जीतल्यांची सहकारी संस्था काढी, कारखान्याचा माल तिला सरकारी भावाने देई. ती तो बाजारभावाने विकी. १९९२ मध्ये खाजगीकरणासाठी लोकांना १०,००० रूबल दर्शनी किमतीची व्हाउचरं, म्हणजे शेअर घेण्याचे कागद, वाटली. बहुतेक कारखान्यांनी ५१ टक्के शेअर कामगार-व्यवस्थापनाने घ्यायचा पर्याय निवडला. महागाईत पगार थकले, कामगारांनी शेअर विकले, संचालकांनी ते गोळा केले. इथे सरंजामाचं वतन झालं.

– त्यांनाच ओलिगार्ख, म्हणजे सत्तेत वजन असलेले धनाढ्य, म्हणतात ना?

– सरसकट नको. बेरेझोव्स्की गणिती, खोदोरकोव्स्की कोम्सोमोलच्या, म्हणजे युवक संघटनेच्या, खालच्या फळीतला. ही मंडळी मोठी झाली बँकांतून आणि १९९५ च्या 'कर्जाच्या बदल्यात शेअर' लिलावांतून : सरकारला कर्ज द्यायचं आणि तारण म्हणून सरकारी कंपन्यांचे शेअर घ्यायचे. नोरिल्स्क निकेल या धातू कंपनीचा लिलाव भरवणारी ओनेक्सिम बँक, आणि सुमारे १७ कोटी डॉलरला तो जिंकणारीही तीच! अस्सल नोमेनक्लातुरा पाहायची तर चेर्नोमिर्दिन : १९८५ मध्ये वायुउद्योगमंत्री, १९८९ मध्ये गाझप्रोम या वायुकंपनीचे प्रमुख, १९९२ मध्ये पंतप्रधान.

– रशियन लोक 'प्रिवातिझात्सिया'ला, म्हणजे खाजगीकरणाला, 'प्रिख्वातिझात्सिया' म्हणत. 'प्रिख्वातीत' म्हणजे लाटणं. मराठीत 'खाऊगीकरण'?

– कानाला झकास, पण खाल्लेलं संपतं. हे टिकलं. 'लाटणं'च ठेवा, शाब्दिक कोटी गेली तरी चालेल.

– पोलिश शब्दप्रयोग याहून बोचरा आहे : 'नोमेनक्लातुरेचं उव्वाश्चेनिए'. उव्वाश्चेनिए म्हणजे एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांना कसत्या जमिनीची मालकी दिली, तो प्रकार. आपल्याकडे त्याला 'साहेबांचा कूळकायदा' म्हणता येईल. बसेल त्याची खुर्ची.