घरी बनवलेल्या अमेरिकन फुटबॉलच्या पटावर पासचे नियम कसे ठेवू?

पुठ्ठा_मैदान:
पुठ्ठ्यावर मैदान आखलंय, एक घर म्हणजे 5 यार्ड, म्हणजे 100 यार्डांची 20 घरं आणि दोन्ही टोकांना एंड झोनची (जिथे बॉल नेला की पॉइंट मिळतात) दोन-दोन, प्रत्येकाला सात सोंगट्या. रनचे (बॉल घेऊन पळायचे) नियम मस्त जमलेत पण पासपाशी गाडं अडलंय. सध्या एक फासा टाकायचा, 4 किंवा वर पडलं की कॅच, त्यामुळे झालंय काय की जो तो पहिल्या डाऊनपासून (डाऊन म्हणजे पुढे जायचा एक प्रयत्न) लांबच फेकतो आणि डिफेन्सवाला नुसता बघत बसतो. अंतर आणि डिफेंडर दोन्ही धरले जातील पण दर वेळी कागद-पेन घ्यावं लागणार नाही असं काही सुचवा ना. आणि इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पास झेलणं) कधी द्यायचं?

दोन_फासे:
एका फाशावर हे जमणारच नाही, दोन घ्या. 2 घरांपर्यंत बेरीज 6+, 4 घरांपर्यंत 7+, त्यापुढे 9+, आणि रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) लागून जितके डिफेंडर तितके आकडे वर. आता तुमच्या नियमात 25 यार्डांचा पास निम्म्या वेळा लागतो म्हणजे दर फेकीला सरासरी साडेबारा यार्ड, मग रन कोण करेल! दोन फाशांवर एक डिफेंडर चिकटलेला असेल तर 10+ लागतं, 36 पैकी 6 दानं, सरासरी चारेक यार्ड, म्हणजे एनएफएलमधल्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या) एका रनएवढीच.
इंटरसेप्शन 2 पडल्यावर द्या, पण डिफेंडर लागून असेल तरच. 36 मध्ये एक, खऱ्या खेळातही शंभर पासमागे दोन-तीनच असतात. दोन डिफेंडर असतील तर 3 वरही द्या.

ब्लिट्झ_प्रेमी:
वरचं पटलं, पण यात क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्यावर) प्रेशर कुठेय? पासची खरी मजा वेळेत आहे. पास फेकेपर्यंतचा वेळ ठोक्यांत मोजा, रिसीव्हर एका ठोक्याला 2 घरं पळणार. पहिल्या ठोक्यानंतर काही नाही, दुसऱ्यानंतर डिफेन्सने एक फासा टाकायचा, 6 ला सॅक (फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं), तिसऱ्यानंतर 5 किंवा 6 ला. पाच घरं लांब जायचं तर तीन ठोके थांबावंच लागतं, म्हणजे लांबच्या पासची किंमत आपोआप वसूल होते आणि डिफेन्सच्याही हाताला काम मिळतं. फक्त हे घेतलंत तर 9+ चं 8+ करा, नाहीतर लांबचा पास कोणी फेकणारच नाही.

पुठ्ठा_मैदान:
ठोक्यांची आयडिया भारी आहे! पास कोणीच झेलला नाही तर बॉल कुठे ठेवायचा? आणि क्वार्टरबॅक पुढे पळून मग फेकू शकतो का?

दोन_फासे:
कोणीच झेलला नाही तर बॉल परत जिथून डाऊन सुरू झाला तिथे, डाऊन गेला. लाइन ऑफ स्क्रिमेज (डाऊन जिथून सुरू होतो ती रेघ) ओलांडली की पुढे फेकता येत नाही, आणि एका डाऊनला पुढे फेकलेला पास एकच. मागे मात्र कितीही वेळा द्या.
जुन्या पद्धतीने खेळून बघायचं असेल तर 1906 मध्ये पुढे फेकलेला पास पहिल्यांदा कायदेशीर झाला तेव्हा कोणाचाही हात न लागता खाली पडलेला पास म्हणजे बॉल थेट समोरच्या टीमला. मी तो नियम फक्त चौथ्या घरापुढच्या पासला लावेन, छोट्या पासला लावला तर डाव रटाळ होईल.