चर्चा : हाडांची गोळी पाच वर्षांनी बंद करावी का?

कृष्णाकाठ (सांगली)
आमची आई, वय 72. आठ वर्षं दर रविवारी पहाटे, चहाच्या आधी, ठिसूळ हाडांवरची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी घेतेय. वर पेलाभर पाणी आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्या अर्ध्या तासात अख्ख्या घराची झाडाझडती होते, तो भाग वेगळा. डेक्साचा (हाडाची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोअर, म्हणजे तरुण हाडाच्या तुलनेतला आकडा, जितका उणे तितकं हाड विरळ, उणे 2.9 वरून उणे 2.2 वर आला, पेढे वाटायचेच राहिले होते. आणि आता नवे डॉक्टर म्हणतात, गोळी थांबवू, हाड फार शांत झालंय.

त्यावर वाचून माझं मत झालंय, पटलं नाही तर खोडा. हाड सतत मोडत-बांधत असतं, हीच हाडाची उलाढाल. हाड खाणाऱ्या पेशी जुना तुकडा काढतात, बांधणाऱ्या पेशी तिथं नवा भरतात. एका जागेची डागडुजी पुरी व्हायला काही महिने जातात. गोळी खाणाऱ्यांना गप्प बसवते. पण खाणं थांबलं की पाठोपाठ बांधणंही मंदावतं. जुनं हाड तसंच राहतं, त्यात खनिज भरत जातं, बारीक चिरा बुजत नाहीत. ओला ऊस वाकतो, वाळलेला काडकन मोडतो. डेक्साला खनिज किती ते कळतं, ऊस ओला की वाळका ते कळत नाही. म्हणून पाच वर्षांनी गोळी सरसकट बंद व्हावी.

माहुलीकर (सातारा)
मी फिजिओथेरपिस्ट आहे. "सरसकट"ला माझा ठाम विरोध. पाळी गेल्यावर बाईच्या हाडाची उलाढाल मंदावत नाही, उलट वाढते. खाणारे पुढं पळतात, बांधणारे मागं पडतात. आपल्याकडच्या बहुतेक म्हाताऱ्यांचं दुखणं हे आहे. खुब्याचं हाड मोडून आलेल्या आज्या मी रोज चालवते. त्यातल्या बहुतेकींनी गोळी कधी पाहिलेलीच नसते. गोळी जास्त झाली म्हणून मोडलेली क्वचित भेटते. आणि पाच वर्षांनी गोळी चालू ठेवणाऱ्या व थांबवणाऱ्या बायकांची तुलना 2006 साली छापून आलीय. चालू ठेवलेल्यांत त्रास देणारे मणक्याचे फ्रॅक्चर कमी होते. मणक्याबाहेरच्या हाडांत फरक दिसला नाही.

कृष्णाकाठ
ताई, पण कुत्र्यांवरचे प्रयोग? ही औषधं दिल्यावर त्यांच्या हाडांत बारीक चिरा साठल्या, चिवटपणा घटला.

माहुलीकर
माणसाच्या सहापट डोस होता तो. आणि एवढं होऊनही हाडाची एकूण ताकद घटली नाही, कारण हाड भरलं होतं. अर्धी गोष्ट सांगू नका.

नाचणीप्रेमी
रोज नाचणीची भाकरी, कोवळं ऊन. गोळ्या हव्यात कशाला?

हळदपेठ (सांगली)
भाकरी खावी की, पण चर्चा ती नाही. माझा मुद्दा वेगळाय. उलाढाल मंदावायला गोळीच लागते असं नाही. वडिलांना वीस वर्षं साखर. गोळी कधी घेतली नाही, डेक्सा तरण्याताठ्यासारखा. तरी ओसरीवरून उतरताना पाय सरकला आणि खुबा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, मधुमेहात हाडाची उलाढाल मुळातच मंद असते. हाडाला चिवटपणा देणारं प्रथिन म्हणजे कोलॅजन, त्याला साखर चिकटून बसते आणि नवं हाड लवकर येत नाही म्हणून ते जुनं, कडक झालेलं कोलॅजन तसंच राहतं. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, हाडाचं तसं नाही. पडून राहिलेला माल इथं खराबच होतो. डायलिसिसवाल्यांतही असं निजलेलं हाड दिसतं म्हणे. तेव्हा दोघांनाही माझं म्हणणं, नुसत्या टी-स्कोअरवर भांडू नका.

माहुलीकर
हे मान्य. मधुमेहात डेक्सा फसवतं, हे मी पण पाहते.

कृष्णाकाठ, मत बाजूला ठेवा. आईंना दोन गोष्टी विचारा. मणका पूर्वी कधी दबलाय का, उंची कमी झालीय का? तसं असेल तर गोळी थांबवायची घाई नको. आणि मांडीत किंवा जांघेत दुखतंय का? बरीच वर्षं गोळी घेतलेल्यांत क्वचित मांडीचं हाड मधेच, जवळपास पडल्याशिवाय, आडवं मोडतं. त्याआधी कित्येक आठवडे तिथं ठणकतं. आणि इतर कुणाची आई सहा महिन्यांच्या इंजेक्शनवर असेल, डेनोसुमॅब, तर त्यांनी हा धागा वाचून ते आपल्या मनानं थांबवू नये. ते सुटलं की उलाढाल एकदम उसळते आणि मणके पटापट मोडू शकतात.

कृष्णाकाठ
विचारलं. उंचीचं काही नाही. पण उजवी मांडी दिवाळीपासून दुखतेय. "जिने चढून दुखत असेल, तुला काय सांगायचं," म्हणाली. आठ वर्षं घराचा हिशेब मांडणाऱ्या बाईनं नेमकं हेच सांगितलं नाही.

डॉक्टरांना फोन केला. सोमवारी दोन्ही मांड्यांचा एक्स-रे, कारण एकीकडं चीर असली तर दुसरीकडंही असू शकते म्हणाले. तोवर जिना बंद, गोळीही बंद. माहुलीकरताई, "सरसकट" मागं घेतो.