सेवेतला कोरडा आठवडा: भेटी मोडतात, जोडीत धुसफूस, प्रार्थनेत मन लागत नाही. नेमकं काय करावं?

प्रश्न: दिवटी

नमस्कार. पहिल्यांदाच पूर्णवेळ मिशनरी सेवेला निघालेल्या, दोघं मिळून काम करणाऱ्या जोड्यांसाठी मार्गदर्शनाचं एक पान तयार करायचं आहे. उत्साहाचे पहिले दिवस ओसरले की एखादा आठवडा असा येतो: ठरलेल्या भेटींपैकी निम्म्या मोडतात, नवी भाषा जिभेवर बसत नाही, जोडीदाराचं प्रत्येक वागणं खुपतं, आणि सकाळी शास्त्र उघडलं तर अक्षरं नुसती डोळ्यांखालून जातात. "आणखी प्रार्थना करा" हे त्यांनी आधीच ऐकलेलं असतं. त्या सात दिवसांत प्रत्यक्ष काय करायचं, ते हवं आहे.

उत्तर: रानवाट

सुरुवात शरीरापासून करा. बायबलमधल्या १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. तिथे देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो, झोपू देतो, आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला लावतो. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर येतो. हा क्रम आपण हमखास उलटा करतो.

म्हणून पहिल्या दोन रात्री आठ तास झोप. दुपारचं जेवण बसून, रस्त्याने चालता चालता नाही. पायांना फोड आले असतील तर आधी त्यांचा उपाय, कारण दुखऱ्या पायाचा माणूस चौथ्या दारापर्यंत चिडलेला असतो आणि त्यालाच "आत्मिक कोरडेपणा" समजतो. अशा आठवड्यात उपास धरू नये असं माझं ठाम मत आहे. थकलेल्या शरीराने धरलेल्या उपासात तिसऱ्या प्रहरी प्रार्थना होत नाही, डोकं दुखतं आणि जोडीदारावर आवाज चढतो.

उत्तर: पेरते हात

भेटी मोडण्याबद्दल लिहितो, कारण खचायला तिथूनच सुरुवात होते.

बऱ्याच भेटी ठरतानाच कच्च्या असतात. "पुढच्या आठवड्यात येऊ का?" असं विचारलं की समोरचा भिडेखातर हो म्हणतो, कारण तोंडावर नाही म्हणणं त्याला जड जातं. मग तो दिवस उजाडतो आणि दाराला कुलूप. यावर तीन गोष्टी करा. भेट दोन-तीन दिवसांच्या आतली ठरवा. वार आणि वेळ त्यांनाच सांगू द्या. आणि भेटीला कारण ठेवा: "उधळ्या पुत्राचा दाखला आज अर्धा वाचला, थोरल्या भावाचा भाग राहिलाय, तो परवा वाचू." आदल्या संध्याकाळी एक छोटा निरोप पाठवा, त्यात "जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा" हे वाक्य असू द्या. नकार आदल्या दिवशी कळला तर उद्याचा वेळ वाचतो.

दुसरं म्हणजे, प्रत्येक भेटीला जोडून त्याच भागातली दोन-तीन नावं वहीत तयार ठेवा: कुणी आजारी, कुणी मंडळीत नव्याने आलेलं, कुणी बरेच दिवस न दिसलेलं. हे नसेल तर बंद दारासमोर "आता काय?" यातच अर्धा-पाऊण तास जातो. निराशा त्या उभं राहण्यात शिरते.

आणि हिशेब बदला. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे आपल्या हातातलं: किती दारं ठोठावली, किती जणांसाठी नाव घेऊन प्रार्थना केली, भाषेची किती वाक्यं पाठ झाली. उजवीकडे दुसऱ्याच्या मर्जीतलं: कोण भेटलं, कोण उपासनेला आलं. आठवड्याअखेर स्वतःला जाब विचारायचा तो फक्त डाव्या बाजूचा. उजवी बाजू प्रार्थनेत वाचून दाखवायची. पौलाने लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढ देवाने दिली (१ करिंथ ३:६), ती रेघ तिथलीच आहे.

मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात आले आणि कृष्ण पाल या पहिल्या बंगाली विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा झाला तो डिसेंबर १८०० मध्ये. दुसरे मिशनरी अदोनिराम जडसन १८१३ मध्ये ब्रह्मदेशात पोहोचले, तिथला पहिला बाप्तिस्मा १८१९ मध्ये. मधल्या वर्षांत दोघेही भाषा शिकत होते, भाषांतर करत होते. ती सगळी डावी बाजू.

उत्तर: दोघं-दोघं

जोडीबद्दल. येशूने सत्तर जणांना दोघं-दोघं करून पाठवलं, पण दोघं म्हटलं की घर्षण आलंच. पौल आणि बर्णबा यांच्यासारखे सुरुवातीचे प्रेषित मार्क या सहकाऱ्याला सोबत घ्यायचं की नाही यावरून इतके भांडले की वाटा वेगळ्या झाल्या (प्रे. कृत्ये १५). पुढे तोच मार्क सेवेसाठी उपयोगी आहे, त्याला घेऊन ये, असं पौल लिहितो (२ तीमथ्य ४:११). म्हणजे भांडण हा सेवेचा शेवट नव्हे. मात्र ते मुरू देऊ नका.

आठवड्यातून एकदा अर्धा तास बसा. रात्री नको, जेवल्यावर दिवसाउजेडी. एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, आणि मग "मला हे ऐकू आलं" म्हणून परत सांगायचं. स्पष्टीकरण त्यानंतर. "तू नेहमी" असं सुरू होणारं वाक्य बाद. विषय बारीक ठेवा: गजर कितीदा बंद होतो, दिवा कधी मालवायचा, भांडी कुणाची, दारात आधी कोण बोलणार. मोठी भांडणं बहुधा याच चार गोष्टींतून पेटतात. उठताना प्रत्येकाने एकच बदल कबूल करायचा. चार कबूल केले की एकही होत नाही.

मारहाण, पैशाची फसवणूक किंवा लैंगिक त्रास असेल तर हा अर्धा तास लागू नाही. त्याच दिवशी जबाबदार माणसाला सांगायचं. ते सहन करणं म्हणजे क्षमा नव्हे.

उत्तर: पहाटतारा

प्रार्थनेसाठी स्तोत्र १३ धरा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनमध्ये "कुठवर?" ही तक्रार, पुढच्या दोनमध्ये मागणं, शेवटच्या दोनमध्ये भरवसा आणि गाणं. रोज रात्री वहीत तशाच तीन ओळी स्वतःच्या लिहा. पहिली ओळ गुळमुळीत नको: "प्रभू, आज पाचही दारं बंद होती आणि मला तुझा राग आला" अशी. तिसरी ओळ जमली नाही तर कोरी सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

सकाळी नवनवे अध्याय संपवत सुटू नका. एकच उतारा, दहा-बारा वचनांचा, आठवडाभर. मोठ्याने वाचा, शिकत असलेल्या भाषेतही वाचा. तीन-चार दिवसांत शब्द सरावाचे होतात, आणि तेच शब्द दारात उपयोगी पडतात. विश्वास आणि भाषा दोन्ही एकाच वाचनात वाढतात, म्हणून हे मला फार मोलाचं वाटतं.

शंका आली तर ती प्रश्न म्हणूनच लिहून ठेवा. रात्री साडेदहाला तिचा निकाल लावू नका.

दिवटी

वहीतली रेघ आणि स्तोत्राच्या तीन ओळी पानावर घेते. घरी फोन करण्याबद्दल काय सांगावं?

रानवाट

ताई, वार ठरलेला असावा, आणि शक्यतो विश्रांतीच्या दिवशी, झोप झाल्यावर. मोडलेल्या भेटीनंतर लगेच केलेल्या फोनवर फक्त "परत ये" एवढंच ऐकू येतं, समोरच्याने काहीही म्हटलं तरी.

पानावर हेही ठळक लिहा: दोन आठवडे झोप किंवा भूक उडाली, रोज रडू येतं, किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येतात, तर हा कोरडा आठवडा नाही, आजार असू शकतो. जिवाचे विचार असतील तर दोन आठवडे थांबू नका, त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, त्याच दिवशी जबाबदार सेवकाला कळवा आणि डॉक्टरकडे न्या. कुणाला फोन करायचा तो नंबर त्याच ओळीत छापा.