मदत हवी आहे: बाबांच्या ऑनलाइन खात्यात अडकलेले फोटो आणि बंद पडलेला मोबाइल नंबर

कृष्णाकाठ

नमस्कार. सांगलीहून लिहितेय. प्रश्न तांत्रिक आहे, पण मागची हकीकत कळल्याशिवाय तो नीट कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आमचं घर गावभागात. २००५ च्या पुरात पाणी जिथवर चढलं होतं, तिथे बाबांनी भिंतीवर खूण करून ठेवली होती. फोटोंचे अल्बम त्या खुणेच्या हातभर वर, फळीवर असायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. खूणही बुडाली आणि फळीही. परत आलो तेव्हा अल्बमची पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती. बाबांनी परातीत स्वच्छ पाणी घेऊन एकेक फोटो सोडवला, गच्चीवर दोरीला चिमट्यांनी वाळत घातला. लग्नाच्या एका फोटोत आईचा चेहरा धुऊन गेला, शालूचा काठ तेवढा उरला.

वाचलेल्या फोटोंचे बाबांनी मोबाइलवर फोटो काढले आणि आपल्या ऑनलाइन खात्यात चढवले. सातशेच्या आसपास असतील. प्रत्येकाखाली नावं, गाव, अंदाजे साल. ते हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे, असलं काम ते मन लावून करायचे. "आता इथवर पाणी पोचत नाही," म्हणाले होते. त्या भरवशावर आम्ही बुरशी धरलेले कागदी फोटो टाकून दिले.

बाबा मागच्या वर्षी गेले. काही महिन्यांनी आईने त्यांच्या नंबरचा रिचार्ज बंद केला. वापर नाही, कशाला पैसे भरायचे, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. खात्याचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाबांच्या फोनमध्ये खातं उघडंच होतं. आई रोज दुपारी जेवणानंतर फोटो बघत बसायची. दिवाळीत तो फोन सुरूच होईना. दुकानात दिला, त्याने रिसेट मारून दिला. फोन चालू झाला, पण आत काहीच नाही.

पासवर्ड बाबांच्या डायरीत मिळाला आणि तो बरोबरही आहे. पुढे ओटीपी मागतात. त्या नंबरवर फोन केला तर एका अनोळखी गृहस्थांनी उचलला. नंबर आता त्यांचा आहे. चांगले बोलले, पण "तुम्हाला एक ओटीपी येईल तो सांगता का" हे माझ्या तोंडून निघेना. भावाने पुण्याहून दहा-बारा वेळा प्रयत्न केला, तर आता खातं काही वेळासाठी लॉक केल्याचा संदेश येतो.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रश्न त्या एकाच कंपनीचा नाही. मला विचारायचंय ते असं: पासवर्ड आहे, मृत्यूचा दाखला आहे, पण नंबर नाही, तर आत जायचा काही मार्ग आहे का? आणि बरेच दिवस न वापरलेलं खातं पुसून टाकतात असं ऐकलं, ते खरं का? आई रोज विचारते.

जुनीपेटी

ताई, आधी भावाला थांबवा. जितके चुकीचे प्रयत्न, तितका संशय वाढतो. खातं परत मिळवताना या सेवा ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा बघतात. म्हणून प्रयत्न सांगलीतूनच करा, घरच्याच वायफायवरून, बाबांच्या त्याच फोनवरून किंवा त्यांनी कधी वापरलेल्या कॉम्प्युटरवरून. घरात टॅब, जुना लॅपटॉप, स्मार्ट टीव्ही काहीही असेल तर त्यात बाबांचं खातं अजून उघडं आहे का ते बघा. असेल तर लॉगआउट करू नका.

ओटीपी मागितला नाहीत ते योग्य केलंत. आपल्याकडे प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर बंद होऊ शकतो, आणि बंद झाल्यावर आणखी किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्याला देता येतो. तुमच्याकडे बहुधा नेमकं हेच झालंय.

नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे. मला गुगलचे माहीत आहेत. सलग २ वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं धोरण त्यांनी मे २०२३ मध्ये जाहीर केलं आणि डिसेंबर २०२३ पासून लागू केलं. फोटोही त्यातच जातात. मृत व्यक्तीच्या खात्यातला मजकूर मिळावा म्हणून जवळच्या नातेवाइकांना विनंती करता येते. पासवर्ड ते कुणालाच देत नाहीत, आणि मजकूर द्यायचा की नाही ते तपासून ठरवतात. ॲपलमध्ये हयात असतानाच वारस नेमता येतो, त्या वारसाकडे एक किल्ली राहते, ती आणि मृत्यूचा दाखला लागतो. तुमच्या कंपनीच्या मदतीच्या पानावर मृत खातेदाराबद्दलचा अर्ज शोधा आणि आजच भरा.

एक विचारतो. बाबांनी एखादा अल्बम कुणाला पाठवला होता का? नातेवाइकांच्या फोनमध्ये तो अजून दिसत असेल.

पिंपळपान

वाचून गलबलून आलं. आमच्या घरातले फोटो पिकासावर, म्हणजे गुगलच्या जुन्या फोटो-सेवेवर होते. २०१६ मध्ये पिकासा बंद झालं, पण निदान फोटो दुसऱ्या ठिकाणी हलवले गेले. ऑर्कुट ही गप्पांची साइट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली, तेव्हा फोटो उतरवून घ्यायला २ वर्षं दिली होती. माझ्या कॉलेजच्या सहलीचे फोटो तिथेच राहिले, कारण ती मुदत मला उलटून गेल्यावर कळली. फ्लिकर या फोटोंच्या साइटने २०१३ मध्ये १ टेराबाइट जागा फुकट दिली आणि २०१८ मध्ये फुकट खात्यांना १००० फोटोंची मर्यादा जाहीर केली. मायस्पेस या जुन्या सोशल साइटवर लोकांनी २०१५ पर्यंत चढवलेलं बरंचसं तर सर्व्हर बदलताना गेलं, ते २०१९ मध्ये लोकांना समजलं. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवणही १ जून २०२१ ला संपली.

खातं चालू असतानाही दार बंद होऊ शकतं. अमेरिकेत एका बापाने डॉक्टरांना दाखवायला आपल्या आजारी बाळाचे फोटो काढले होते. यंत्रणेने ते आक्षेपार्ह ठरवले आणि गुगलने त्याचं खातं बंद केलं. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. २०२२ मध्ये ही बातमी आली, तेव्हापासून मी ऑनलाइन ठेवते, पण एक प्रत घरी हार्ड डिस्कवर आणि दुसरी बहिणीकडे नागपूरला असते. दर दिवाळीत दोन्ही डिस्क लावून फोटो उघडतात का ते बघते. नुसतं सिंक म्हणजे प्रत नव्हे, हेही सांगून ठेवते. फोनमधून फोटो पुसला की सिंक केलेला ऑनलाइनही पुसला जाऊ शकतो.

दुपारचा_चहा

हे वाचून उठलो आणि वडिलांच्या खात्यात माझा नंबर आणि ईमेल जोडला. ते विचारत होते काय चाललंय. सांगितलं तर म्हणाले, माझा पण तुझ्या खात्यात जोड.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. जुनीपेटी, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मोठं काम केलं. बाबांनी मिरजेच्या आत्याला एक अल्बम पाठवला होता. तिने तो कधी उघडलाच नव्हता, पण लिंक तिच्या फोनमध्ये होती. काल जाऊन बसले. २१२ फोटो निघाले! खातं पुसलं गेलं तर हेही जातील म्हणून सगळे माझ्याकडे उतरवून घेतले, पेनड्राइव्हवर एक प्रत केली आणि आत्याकडेही एक ठेवली. बाबांनी फोटोखाली लिहिलेलं सगळं मी हाताने वहीत उतरवलं. आत्या शेजारी बसून दोन ठिकाणी म्हणाली, "अगं, दादाने चुकीचं लिहिलंय, हे औदुंबर नाही, नरसोबाची वाडी आहे."

घरच्या वायफायवरून बाबांच्या फोनवर एकदाच प्रयत्न केला. जमलं नाही. दाखला आणि आईचं ओळखपत्र जोडून अर्ज भरलाय.

जुनीपेटी

फार बरं वाटलं. अर्ज मंजूर होऊन मजकूर मिळाला तर फोटोंबरोबर वेगळ्या फाइली आल्यात का ते बघा. गुगलच्या टेकआउटमध्ये, म्हणजे खात्यातलं सगळं उतरवून घ्यायच्या सोयीत, तारीख आणि वर्णन जेसन नावाच्या छोट्या फाइलींत असतं. लोक त्या कचरा समजून पुसतात. तुमच्या बाबांचं लिखाण त्यातच असेल. उतरवायची लिंक साधारण आठवडाभरच चालते, तेव्हा हातातली कामं टाकून उतरवून घ्या.

कृष्णाकाठ

हे माहीत नव्हतं, लिहून ठेवलं. चेहरा धुऊन गेलेला तो लग्नाचा फोटो या २१२ मध्ये आहे. लग्नाचे चांगले राहिलेले पाच-सहा फोटो मात्र नाहीत, ते अजून खात्यातच आहेत. मृत्यूच्या दाखल्यावर अशा अर्जातून कुणाला खरोखर फोटो परत मिळालेत का? किती दिवस लागले, आणखी कुठले कागद मागितले? आईला काय सांगू ते कळत नाही. अनुभव असेल त्यांनी कृपया इथे लिहा, नाहीतर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.